हवेत वळणं नसतात

३ तारीख
धाकट्या बहिणीचा फोन. सतरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता तिच्या टेलरिंगच्या दुकानाचं उद्घाटन. फीत दादानेच कापायची, असं तिने बजावलं. ऊर भरून आला. तिला शिवणकाम शिकू द्या म्हणून बाबांशी भांडलो, तो मीच. निदान भांडण झालं तेव्हा मी घरात होतो.

४ तारीख
बायको म्हणते बसने जाऊ. सहा तास! मी नोकरीत नकाशे काढणारा माणूस. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. आपल्या विमानतळापासून त्यांच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ, दोनशे ऐंशी किलोमीटर. म्हणजे पाऊण तास. हवेत वळणं नसतात. मला बस लागते म्हणून हे चाललंय, हा बायकोचा आरोप बिनबुडाचा आहे.

६ तारीख
ऑफिसात सांगितलं. साहेबांनी विचारलं, थेट विमान आहे का? काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

७ तारीख
थेट विमान नाही. राजधानीत बदलायचं. राजधानी नकाशावर जरा उलट्या दिशेला आहे, पण ते मी मनावर घेत नाही. तिकीट काढलं. बायकोने बसची जाऊन-येऊन दोन-दोन तिकिटं काढली. दुसरं कुणाचं? पिशवी ठेवायला, म्हणाली. हट्टीपणाला औषध नाही.

१६ तारीख
संकल्प : विमानात सराईतासारखं बसायचं, सारखं खिडकीबाहेर बघायचं नाही. भाषण पाठ झालं. बहिणीला फोनवर कळवलं, जेवायलाच येतो. मागे तिचा नवरा हसल्यासारखा वाटला.

१७ तारीख, सकाळी
विमानतळ गावापासून इतका लांब, की टॅक्सीत मळमळलं. टॅक्सी म्हणजे बस नव्हे, याची नोंद असावी.

१७ तारीख, जरा वेळाने
उशिरा का होईना, उडालो. खिडकीबाहेर बघितलं (एकदाच). खाली आपली पाण्याची टाकी. शेजारी आपली गच्ची, वाळत घातलेली हिरवी चादर. भल्या पहाटे निघून परत घरावरच आलो! समोरच्या खिशातली उलटीची कागदी पिशवी घेतली. विमान कंपनीचं चित्र आहे. ऑफिसात दाखवायला.

१७ तारीख, दुपारी
राजधानी. वाऱ्यामुळे पुढचं विमान थांबलंय. बायकोचा फोन : पोचली, जेवली, आता पडणार आहे. मी म्हटलं, वेग माझाच जास्त. उडायला लागलं की.

१७ तारीख, पाच वाजता
अजून राजधानीच. बहिणीला निघालोच म्हणून थाप मारली. ती म्हणाली, ये सावकाश, आम्ही थांबतो. माझ्या पट्टीचा मला भयंकर राग आला.

१८ तारीख
काल पोचायला नऊ वाजले. त्यांचाही विमानतळ गावाबाहेर. पाहुणे पांगले होते. दुकानात दिवा चालू आणि दारात फीत जशीच्या तशी. बहिणीने कुणालाही कापू दिली नाही म्हणे. सगळे पाहुणे फितीखालून वाकून आत गेले. तिच्या सासूबाईसुद्धा, गुडघे धरून.
तिने कात्री हातात दिली. भाषणातलं एक अक्षर आठवलं नाही. रडलो. बहिणीचा नवरा या वेळी हसला नाही.

१९ तारीख
परत बसने. विमान मुद्दामच नको म्हटलं, बायकोला एकटीला कंटाळा येतो. पिशवीच्या जागेवर मी, पिशवी माझ्या मांडीवर. पहिल्याच घाटात बायकोने न विचारता माझ्या खिशात हात घातला आणि ती कागदी पिशवी उघडून माझ्या तोंडापुढे धरली.
ऑफिसात दाखवायला आता काही उरलं नाही.