टेपचं दुमडलेलं टोक

मी, नरहर बापूजी गावंडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा गाड्यांना साउंड बसवणे, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा कान पार गेला, उजवा जाण्याच्या वाटेवर आहे, पण मृत्युपत्र लिहायला कान लागत नाहीत. हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही. भीती मात्र वाटते. ती कशाची, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. मी कसा मेलो याची आधी चौकशी करावी, रडणं नंतर. गाडीत मेलो असेन तर गाडी जागची हलवू नये. शेजारचा बॅटरीवाला धर्मपाल मेश्राम याला बोलवावे. काय पाहायचं ते त्याला ठाऊक आहे.

कलम २. माझी पत्नी भागीरथा वारली, तिचे दागिने आणि माझी बँकेतली ठेव मुलगी निकिता हिला द्यावी. ती ढाणकीला नांदते. दर सणाला फोन करते आणि मला ऐकू येत नाही म्हणून ओरडून ओरडून तिचा घसा बसतो. तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

कलम ३. माझा ओहम मोजायचा मीटर आणि सगळी हत्यारं पुतण्या ऋतिक याला द्यावीत. हा माझ्याकडेच काम शिकला आणि माझ्याच समोर दुकान टाकून बसला. गिऱ्हाइकांना सांगतो, काका आता बहिरे झाले. एका जीपवाल्याला यानं भल्यामोठ्या वूफरवर चिमुकला अॅम्प्लिफायर जोडून दिला. म्हणे, ताकद कमी आहे, जळायची भीती नाही. अरे गाढवा, कमी ताकदीचा अॅम्प्लिफायर फुल्ल केला की आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाजच वूफरची कॉइल जाळतो! हे शिकवता शिकवता माझे केस पिकले. तो जीपवाला भांडायला आला तोही माझ्याच दारात. तरी मीटर ऋतिकलाच द्यावा. त्याची गरज सगळ्यात जास्त त्यालाच आहे.

कलम ४. यवतमाळ रोडवरचं दुकान, जागेसकट, मुलगा नयन याला द्यावं. त्याला ते विकून नागपूरला मोबाइलचं शोरूम टाकायचं आहे. यावरून घरात बरीच वर्षं वाजतं आहे. मी दर वेळी एकच बोललो, "मी हाय तोवर नाही. मेल्यावर वीक." हे वाक्य मी रागात बोलत होतो. आता लिहिताना अंगावर काटा येतो.

कलम ५. माझी जुनी पांढरी गाडी, डिक्कीतल्या दोन वूफर आणि अॅम्प्लिफायरसह, ____________ याला द्यावी.

नाव मोकळं सोडलं आहे. कारण असं.

कान गेल्यापासून माणसांचं बोलणं मी ओठांवरून ओळखतो, आणि गाणं मला ऐकू येत नाही, सीटमधून पाठीला लागतं. म्हणून मी बेस नेहमी फुल्ल ठेवतो. हे अख्ख्या नेरला माहीत आहे. माझी जोडणी साधी होती. प्रत्येक वूफरला दोन कॉइल. त्या मी अशा जोडल्या होत्या की अॅम्प्लिफायरला चार ओहमचं ओझं लागावं. हा अॅम्प्लिफायर दोनपर्यंत उतरलेलं सोसतो, त्याखाली नाही. ओहम जितके कमी, तितका तो बॅटरीतून जास्त ओढतो आणि तापतो. जास्तच ओढलं तर बॅटरीजवळचा फ्यूज उडतो आणि गाडी वाचते.

दिवाळीनंतर एके दिवशी गाडीत बसलो आणि बेस असा भरून आला की मला वाटलं कान सुधारले. खरंच वाटलं. मी एकटाच हसलो. मग जळका वास आला.

गाडी थांबवून डिक्की उघडली. चारही कॉइल नव्याने जोडलेल्या. मीटर लावला तर एक ओहम. बॉनेट उघडलं, तर बॅटरीजवळच्या डबीत फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार. ती तार काही उडत नाही. त्याआधी माझ्या सीटखालची वायर पेटते.

हे कोणा भुरट्याचं काम नाही. मी डावखुरा. टेप उलटी गुंडाळतो आणि शेवटचं टोक दुमडून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला सोडवताना नख लावत बसावं लागत नाही. ही पद्धत मी दोघांनाच शिकवली, ऋतिकला आणि नयनला. त्या नव्या जोडांवरची टेप उलटी होती, आणि प्रत्येक टोक दुमडलेलं होतं. मला जाळायला निघालेल्यानेही पुढच्या माणसाची सोय पाहिली होती.

मी जोडणी पहिल्यासारखी केली, खरा फ्यूज बसवला, वरून टेप तशीच गुंडाळली आणि धर्मपालशिवाय कोणाला काही बोललो नाही. आज दोघांनाही एकेकट्याला गाडीत बसवून बेस फुल्ल करणार आहे. ऋतिकचं नाव आत्ताच लिहायला हात शिवशिवतो आहे. पण संध्याकाळपर्यंत थांबतो.

कलम ६. या कागदाप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी धर्मपालवर राहील.

पुरवणी. वरचा मजकूर सकाळचा. आता संध्याकाळ झाली आहे.

आधी ऋतिकला घेतलं. बसला आणि त्यानं स्वतःच बेस वाढवला. म्हणाला, "काका, जबरदस्त वाजून राह्यलं! मले दाखवा न जोडनी, कशी केली ते." गाण्याच्या तालावर पाय आपटत यवतमाळ रोडने माझ्यासोबत फिरून आला. उतरताना समोसा मागितला. हा मूर्ख आहे, पण एवढाच. मी त्याच्याबद्दल सकाळपर्यंत जे मनात धरलं होतं ते परत घेतो.

मग नयन. मी बटणाला हात लावला तसा म्हणाला, "बाबा, आज गाणं राहू द्या."

"काहून रे? तुले तर आवडते."

"डोकं दुखून राह्यलं."

मी आवाज पूर्ण वाढवला. तो दाराला चिकटून बसला. फाट्यावर म्हणाला, "मले इथंच उतरवा, काम हाय." मी थांबलो. तो उतरला आणि दार नीट लावून घेतलं. "बाबा, तुम्हीपण उतरा," असं म्हणाला नाही. मी वाट पाहिली. गाडी चालू ठेवून, त्याच्याकडे बघत वाट पाहिली. तो म्हणाला, "हळू जा," आणि मागे सरकला.

भागीरथा असती तर तिला हे सांगता आलं नसतं.

मघाशी तो घरी आला. ओट्यावर मला पाहून थबकला, मग बॉनेटकडे पाहिलं. आता खालून जेवायला हाक मारतो आहे.

कलम पाचमधल्या मोकळ्या जागेत मी नाव भरतो: चिरंजीव नयन नरहर गावंडे. मुलाच्या नावाआधी चिरंजीव लिहायची आपली रीत आहे. मी ती मोडत नाही.

कलम चारला एक अट जोडतो. फिरून आल्यावर मी बॅटरीजवळची डबी पुन्हा उघडली, बंद केली आणि वरून टेप गुंडाळली. आत आता फ्यूज आहे की तार, ते लिहीत नाही. टेप उलटी आहे, टोक दुमडलेलं आहे, त्याला सोडवायला त्रास होणार नाही. माझ्या तेराव्याला, निकितासमोर आणि जमलेल्या सगळ्यांसमोर, नयनने ती डबी स्वतः उघडावी. उघडण्याआधी, आत काय असेल असं त्याला वाटतं आणि का वाटतं, हे मोठ्याने सांगावं. सांगितलं तर दुकान त्याचं, खुशाल विकावं. नाही सांगितलं तर दुकान ऋतिकचं.

मोठ्यानेच सांगावं. मी असेन तिथून मलाही ऐकू आलं पाहिजे.

वरील मजकूर मी दुकानावर जाऊन दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: नरहर बापूजी गावंडे

साक्षीदार:
१. धर्मपाल उकंडराव मेश्राम, बॅटरीचं दुकान, नेर
२. रुपीबाई राठोड, चहाची टपरी, दुकानासमोर, नेर. (वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, आज घरी जेवू नका." त्यांच्या आग्रहावरून हे नोंदवलं.)

ठिकाण: नेर, जि. यवतमाळ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४