देवाच्या आंघोळीचं पाणी

३ मे १९७३
गावची विहीर संपली. तळाशी नुसता गाळ. सप्ताह तोंडावर आणि देवळाचा कारभार ह्यांच्याकडे. म्हणून हे काळजीत — देवाच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं? माणसांच्या आंघोळीचं कुणी विचारत नाही.

५ मे
पाणी आहे ते फक्त बौद्धवाड्यातल्या विहिरीला. ती त्यांनी स्वतः खणली, कारण गावच्या विहिरीवर आम्ही त्यांना चढू देत नव्हतो. ह्यांनी आमचा सालगडी रामराव पहाटे गुपचूप तिकडे पाठवला. वाड्यातल्या मालनबाईनं बराबर पकडला. भांडली नाही. "चोरून कशाला? सांगून न्या," म्हणाली आणि स्वतः शेंदून दिलं.
गावाला सांगितलं — मंठ्याहून बैलगाडीनं आणलं.

७ मे
सप्ताह बसला. कीर्तनकार अण्णासाहेबांनी तीर्थ घेतलं. म्हणाले, "सोवळ्यातल्या पाण्याची गोडीच निराळी." मी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना!

९ मे
रामराव तापानं फणफणलाय. मंग मीच गेले. मालनबाई पुढं आली, "वैनी, तुम्ही?" दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या हाताला फोड आलेले. तरी दोर तिनंच धरला.
न राहवून विचारलं, आम्ही तुम्हाला पाणी भरू दिलं नव्हतं. राग न्हाई येत?
"येतो की. पण रिकामी घागर घेऊन आलेलं माणूस माघारी कसं धाडू?"
ही बाई देव मानत नाही. देवाला हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

११ मे
बोभाटा झाला. रामराव तापात बरळला. देवळात बैठक बसली. देऊळ बाटलं, धुऊन शुद्ध करायचं — सगळ्यांचं एकमत. धुवायला पाणी हवं. पाणी एकाच विहिरीत. शेवटी ठरलं, पाऊस पडला की शुद्ध करू.
सासूबाई दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत. हे ऐकून न जेवता पडून राहिल्या.

१२ मे
बौद्धवाड्याच्या विहिरीत मेलेलं कुत्रं निघालं. कुणी टाकलं ते गावाला माहीत आहे. मालनबाई आणि बाया सकाळपासून विहीर उपसून राह्यल्या. हे ओसरीवर सुपारी कातरत बसलेले.
पाणी नासवल्याचं ऐकून सासूबाई अंथरुणावरून उठल्या, पदर खोचला. ह्यांच्यासमोरून पायऱ्या उतरल्या. मला म्हणाल्या, "चल. दोर वढायला हात कमी पडत असतील."