सत्तावन सालचा तो ट्राय

मंगळवार, १४ जुलै १९९८

अडकले! रेगने शेवटी गळ्यात मारलंच. रग्बी क्लबच्या पंचाहत्तर वर्षांचा इतिहास लिहायचा – आणि तो मी! "तुझं अक्षर चांगलं आहे, थेल्मा. आणि कँटीनमध्ये तीस वर्षं सगळ्यांच्या भानगडी तूच तर ऐकतेस." अध्यक्ष झाला म्हणून काय झालं, उंटावरून शेळ्या हाकायची सवय जात नाही. त्याने स्वतः सुरुवात केली होती म्हणे. तीन पानं. दोन त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर.

पुस्तक २९ ऑगस्टला वर्धापनाच्या जेवणात प्रत्येक टेबलावर हवं. क्लॅरीला सांगितलं तर म्हणाला, "नाही म्हण." एवढंच. नवऱ्याकडून इतकं कौतुक पुरे झालं!

गुरुवार, १६ जुलै

रेगने खोकी आणून टाकली. जेवणाचं टेबल गेलं. आम्ही दोघं आता ओट्यापाशी उभ्याने जेवतो.

पण वाचायला मजा येते, खोटं का बोला! १९२३ साली वीटभट्टीवरच्या पोरांनी टीम काढली. पहिल्याच सामन्यात मैदानावरच्या टिटवीने पंचाला कुंपणापर्यंत पळवलं, तेव्हापासून आम्ही टॅलोवुडच्या टिटव्या. त्या वर्षी अकरापैकी अकरा सामने हरलो. एकतीस साली जर्सीला पैसे नाहीत म्हणून पिठाच्या गोण्या हिरव्या रंगवल्या. मध्यंतराआधी पाऊस आला, रंग वाहून गेला, आणि आमच्याच एकाने आमच्याच दुसऱ्याला उचलून आपटलं. हे सगळं वहीत गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं!

पंचाहत्तर वर्षांत विजेतेपद एकच. सत्तावन सालचं. अंतिम सामना, मिल क्रीकविरुद्ध, शेवटचं मिनिट, घोट्याएवढा चिखल, आणि आमच्या विंगरने, कडेने पळणाऱ्या गड्याने, उजव्या कोपऱ्यात रेघेपलीकडे चेंडू टेकवला. ट्राय! नऊ विरुद्ध आठ. तो विंगर म्हणजे आमचे हे – क्लॅरी डन्फी. दोन आठवड्यांनी नाच होता, तिथे मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. दरवर्षीच्या जेवणात ही गोष्ट मीच सांगते, आणि दरवर्षी क्लॅरी ताटात मान घालून बसतो. लोक म्हणतात, काय विनयशील माणूस!

यंदा नव्या शेडला त्याचं नाव देणार आहेत. पाटी रंगवूनसुद्धा झाली.

रविवार, १९ जुलै

हरलो. ४६–६. सॉसेज रोल मात्र सगळे संपले.

बुधवार, २२ जुलै

आज टपालात घबाड! जुने फोटो मागवले होते ना क्लबच्या पत्रकात – थेट क्वीन्सलंडहून पाकीट आलं. व्हर्ना पेटिट नावाच्या बाईंचं. नवरा एर्नी फेब्रुवारीत गेला. "त्याच्या तंबाखूच्या डबीत हा फोटो होता. तो आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणायचा, पण त्याबद्दल विचारू नकोस म्हणायचा. तुमच्या उपयोगी पडला तर ठेवा." एर्नी पेटिट आठवतो. क्लॅरीबरोबर भट्टीवर होता. एका मोठ्या क्लबने त्याला करारावर घेतलं होतं. पुढे उत्तरेला उसाकडे गेला. बघायला आला असेल बिचारा त्या दिवशी.

आणि फोटो! तो ट्रायच! विंगर हवेत आडवा, चेंडू डाव्या हातात, तोंडाला इतका चिखल की आईनेसुद्धा ओळखू नये. हा मुखपृष्ठावर. पावणेपाच फुटी करून शेडमध्येही लावायचा.

क्लॅरीने एकदा बघितला आणि कुत्र्याला फिरवायला गेला. कुत्रा नुकताच फिरून आला होता.

शुक्रवार, २४ जुलै

क्लबात सोडतीला गेले (बक्षीस मटणाचं) तेव्हा रेगला फोटो दाखवला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "छान आहे." मग म्हणाला, "पण मुखपृष्ठावर टिटवी बरी दिसेल." टिटवी! हा माणूस गेल्या वर्षी क्लॅरीचा पुतळा करू म्हणत होता.

शनिवार, २५ जुलै

बोटं.

सकाळी भिंग घेऊन चिखलात प्रेक्षकांचे चेहरे शोधत होते, नावं द्यायला. चेंडूवरचा डावा हात भिंगाखाली आला. पाच बोटं. पाचही पुरती, नखांसकट.

क्लॅरीचं डावं मधलं बोट पंचावन्न सालीच भट्टीच्या यंत्रात अर्धं गेलं. चाळीस वर्षं मी त्या हाताला मोजे विणतेय! मला माहीत नाही?

फोटो उलटा छापला असेल म्हणून जर्सीवरचा आकडा बघितला. सुलटा.

रविवार, २६ जुलै

विचारलं. मटणाच्या चॉप्स ताटात वाढल्या, आणि फोटो त्यांच्या शेजारी ठेवला.

"क्लॅरी, हा कोण?"

त्याने काट्याने वाटाणे इकडून तिकडे केले. मग म्हणाला, "एर्नी."

"आणि तू कुठे होतास?"

"आईकडे. गालगुंड झालं होतं."

गालगुंड! चोवीस वर्षांच्या घोड्याला! अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तोंड भोपळ्याएवढं झालं. दुसरा विंगर नाही. एर्नीला करारामुळे दुसरीकडे खेळायची बंदी होती, पण तो म्हणाला, तुझी जर्सी दे, तुझ्या नावावर खेळतो, चिखलात कोण बघतंय. कोणी नाही बघितलं. सोमवारच्या पेपरात छापून आलं, 'क्लॅ. डन्फी'. खरं सांगावं तर एर्नीचा करार जाणार आणि क्लबचं विजेतेपदही.

"हे त्यांचं झालं," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू आलीस ना नाचाला. निळा झगा. माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'तो ट्राय तुम्हीच केलात ना?' काय बोलणार होतो मी, थेल? तोपर्यंत एकही मुलगी आपण होऊन माझ्याशी बोलली नव्हती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग त्याच्या पुढच्या. मग लग्न ठरलं."

चॉप्स कुत्र्याला घातल्या. मी शिवणाच्या खोलीत झोपतेय.

मंगळवार, २८ जुलै

अजून शिवणाच्या खोलीतच. पाठ धरली आहे. राग मात्र तसाच आहे. चाळीस जेवणांत मी उभी राहून ती गोष्ट हातवारे करून सांगितली, आणि हा शेजारी बसून खीर खात होता! त्याने दारात चहा ठेवला. प्यायले. चहाने काय घोडं मारलंय?

रविवार, २ ऑगस्ट

रेगकडे गेले. तो म्हणतो, "झाकली मूठ सव्वा लाखाची, थेल्मा. आपल्याकडे विजेतेपद आहे एकच. तेही तू पुस्तकात घालून पुसणार?" म्हणजे याला माहीत होतं! विचारलं तर कानावर हात.

त्याचं खोटं नाही. आठव्या वर्षापासून ज्यांनी हे मैदान आखलं, ते म्हातारे त्या एका दिवसावर जगतात. त्यांच्यातला बार्नी तर दवाखान्यातसुद्धा नऊ-आठ, नऊ-आठ म्हणत गेला. पण ती डबी डोळ्यांसमोरून जात नाही. चाळीस वर्षं त्या माणसाने आपला सगळ्यात चांगला दिवस तंबाखूत दडवून ठेवला, आणि बायकोलाही सांगितलं नाही. त्याच्या नावाची एक ओळ कुठे नाही. मी लिहिली नाही तर कोणीच लिहिणार नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

सत्तावनचं प्रकरण दोनदा लिहिलं. एक खरं, एक छान. दोन्ही क्लॅरीपुढे टाकली. "तुझं नाव, तुझी पाटी. तूच ठरव. मी फक्त हस्ताक्षर."

शनिवार, ८ ऑगस्ट

सकाळी टेबलावर एकच उरलं होतं. खरं. खाली क्लॅरीने पेन्सिलने लिहिलेलं: "पाटीवर एर्नीचं नाव घाला. जेवणात मी स्वतः सांगेन. व्हर्नाला बोलवा."

तुकडे झालेलं दुसरं चुलीत दिसलं.

पाठ फारच धरली होती, म्हणून रात्री आपल्या खोलीत झोपले. फक्त पाठीसाठी.

रविवार, ३० ऑगस्ट

झालं काल जेवण. कुठून सुरुवात करू!

दोनशे माणसं. मिल क्रीकचेही चार म्हातारे पाहुणे म्हणून. व्हर्ना दोन दिवस बसने येऊन माझ्या शेजारी बसलेली, छोटीशी बाई, हातात पर्स घट्ट. तिला सगळं पत्रात लिहिलं होतं. दरवर्षी त्या गोष्टीला मी उठते. काल क्लॅरी उठला. सूट लग्नातला, बटण लागत नव्हतं. खिशातून कागद काढला. त्याने वाचलं, "सत्तावनचा ट्राय मी केला नाही. एर्नी पेटिटने केला. मी घरी होतो, गालगुंड झालं होतं. ज्याला विजेतेपद परत मागायचं असेल त्याने मागावं. मला माफ करा."

मग मागून रेगचा आवाज – "बस आता, क्लॅरी. माहितीये आम्हाला." आणि हॉलभर हशा! सगळ्यांना माहीत होतं! जर्सी घालायला मदत केलेल्यांना, त्यांच्या बायकांना, जर्सी धुणाऱ्या आजीला, सगळ्यांना. एकटी मी सोडून! रेग म्हणाला, "तुला कोण सांगणार, थेल्मा? तुझा संसार मोडला असता आणि आमचा चहा बंद झाला असता!"

तेवढ्यात मिल क्रीकचा जुना कप्तान काठी टेकत उभा राहिला. वाटलं, आता हा विजेतेपद मागणार. म्हणाला, "कसलं परत मागायचं? त्या दिवशी आमच्यात असे दोन होते!"

व्हर्ना हसली नाही. टाळ्या थांबल्यावर तिने हळूच विचारलं, "कुठला कोपरा?"

आज सकाळी तिला मैदानावर नेलं. उजवा कोपरा, कुंपणाकडचा. क्लॅरीने बुटाच्या टाचेने जागा दाखवली. ती तिथे टोपी काढून उभी राहिली. टिटव्या आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होत्या, पण ती हलली नाही. मला रडू आलं. क्लॅरीलाही. त्याने अर्ध्या बोटाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मी तो झटकला नाही.

घरी येताना तो म्हणाला, "आता तरी तुला कळलं, की तू चुकीच्या माणसापुढे येऊन उभी राहिलीस." हसत म्हणाला. पण हसू खरं नव्हतं. हा माणूस एकेचाळीस वर्षं एर्नीच्या जागेवर भाडेकरूसारखा राहिला!

सोमवार, ३१ ऑगस्ट

वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. आज चहा देताना त्याला सांगितलं. तो ट्राय मी पाहिलाच नाही. मी चहाच्या रांगेत होते, मैदानाकडे पाठ, नुसता आरडाओरडा ऐकला. पण त्याच्या आधी तीन महिने रोज बसमधून भट्टीच्या फाटकाशी एका पोराला पाहत होते – अर्ध्या बोटाने डबा धरून सगळ्यांना हसवणारा. नाव तेवढं ठाऊक होतं, बोलायला निमित्त मिळत नव्हतं. सोमवारी पेपरात तेच नाव वाचलं, आणि निमित्त मिळालं.

क्लॅरीने कप खाली ठेवला. "म्हणजे ट्रायचा काही संबंधच नव्हता?"

"नव्हता."

"मग तू आलीस कशासाठी?"

"तुझ्यासाठी, मठ्ठ्या."