कळंबपर्यंतची रेघ

चि. हर्षल,

प्रवास केलेले हायवे तू ज्या वेबसाइटच्या नकाशावर रंगवतोस, ती काल श्रेयाने मला मोबाइलवर दाखवली. "काका, कुठून कुठपर्यंत गेला ते दादा स्वतःच भरतो," म्हणाली. मी तिला तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाच्या तारखेची नोंद शोधायला लावली. सुट्टी नाही म्हणून त्या दिवशी तू घरी आला नव्हतास ना?

नोंद सापडली. पुणे ते कळंब आणि कळंब ते पुणे.

घराच्या इतक्या जवळ येऊन माघारी? मला वाटलं, माझ्यामागे जमिनीचं काहीतरी शिजतंय. तडक कळंबला तुझ्या मामाच्या हॉटेलवर गेलो.

"भरत, खरं सांग, हर्षल इथं कुणाला भेटला?"

"कुणाला न्हाई, दाजी. सूनबाईला घिऊन आला व्हता. आक्काच्या नावानं पान वाढलं, तासभर बसली दोघं आन् गेली."

"मग घरी का नाही आला?"

"न विचारता लग्न केलं म्हणून तुमीच फोनवर म्हणला व्हता ना, तिला आणलीस तर दारातनं माघारी धाडीन? आन् वर मलाच विचारता व्हय? लई भारी राव तुमी!"

हे पत्र आज टाकत नाही. त्या दिवशी पंगतीत मी चाळीस माणसांना सांगितलं, की पोराला आईचं काही नाही. आधी त्यांच्या घरोघर जाऊन खरं सांगायचंय. तोवर तुला आणि नूतनला 'या' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

आप्पा
महाळुंगे पडवळ