येऊन राह्यली

रविवार, रात्र. टेंभुर्णी.

आज कॉलेजात विज्ञानाच्या कार्यक्रमात बोलले. बोललेलं लिहून देणारं ॲप आम्ही पुण्यात कसं बनवतो, ते पोरांना सांगितलं. ‘यंत्र आपल्याकडून शिकतं,’ हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्या मिळाल्या. मिळतातच.

घरी आले तर दादा ओट्यावर बसून तेच ॲप वापरत होते. दादा म्हणजे माझे वडील; आई गेल्यापासून घरात एकटे, बोलायला फोन. काल त्यांनी धावड्याच्या मोठ्या आत्याला निरोप बोलून पाठवला, ‘पोरगी येऊन राह्यली.’ म्हणजे येतेय, वाटेत आहे. ॲपने लिहिलं, ‘मुलगी येऊन राहिली.’ आत्याचा लगेच फोन, ‘कायमचीच आली का रे?’

हे सांगताना दादा हसले. मीही हसले. पण ‘कायमची’ या शब्दापाशी दोघंही थांबलो नाही.

ही चूक काढता येईल? यंत्राला शिकवायला आमच्याकडे या बोलीचे आवाजच नाहीत. माझा तरी कुठे आहे? मीही आता ‘येतेय’च म्हणते. ‘येऊन राह्यले’ शेवटचं कधी म्हणाले, आठवत नाही.

दादांनी आपला उपाय काढलाय. ‘मंग मी पुस्तकातल्यावानी बोलतो त्याच्याशी. बराबर लिहितं.’

जेवताना फोन आत चार्जिंगला होता. ताटावरून मान वर करून, एकेक शब्द सुटा करत ते मला म्हणाले, ‘तू उद्या परत जाणार आहेस का?’