पारदर्शक झाकण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोज लिहायचं. जामखेडात फवारणी पंप दुरुस्त करणारे सहा जण, पण डोकं चालवणारा एकटा अजिनाथ. पाठीवरच्या पंपाला मी पारदर्शक झाकण बसवणार. आतलं औषध दिसलं पाहिजे. रुपाली म्हणाली, "पंप पाठीवर, मग बघणार कोण?" बायकोला डिझाईन कळत नाही.

६ नोव्हेंबर.
टेस्टिंग पूर्ण. एक झाकण पान्याने करकचून आवळलं, टाकीत नुसतं पाणी. तीन दिवस काही नाही. दुसरं सुटंच औषधात बुडवून ठेवलं. काही नाही. दोन्ही परीक्षा पास. रुपाली विचारते, आवळलेलं झाकण औषधाला लावून बघितलं का? पास झालेल्याची पुन्हा परीक्षा कशाला!

१२ नोव्हेंबर.
एकवीस झाकणं गेली. त्यातलं एक खर्ड्याला, भिमाजीदादाला. थोरल्या भावाच्या पंपावर माझं डिझाईन! रोज लिहिणं जमलं नाही. कामाचा लोड.

१५ नोव्हेंबर.
एक गिऱ्हाईक झाकण घेऊन आलं. केसासारख्या बारीक रेघा. उन्हात ठेवलं असणार. लोकांना वस्तू वापरता येत नाही.

१७ नोव्हेंबर.
आणखी दोन आली. म्हणे गळतंय. गळतंय म्हणजे ढिलं. सगळ्यांच्या घरी जाऊन पान्याने आवळून आलो. शेवटी खर्ड्याला. दादा म्हणाला, "लई घट झालं रं. मला उघडंल का?" म्हटलं, पाना इथंच ठेवतो.

२० नोव्हेंबर. दुपारी २.
वहिनीचा फोन. दादा तुरीत फवारत होता. झाकण तडकलं, औषध मानेपासून कमरेपर्यंत. त्याने तशाच ओल्या अंगाने ओळ पुरी केली. मग घाम, उलट्या. जामखेडच्या दवाखान्यात आणलाय. निघतो.

संध्याकाळी ७.
सलाईन चालू. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर..." औषधाचीच बॅच खराब असणार.

२१ नोव्हेंबर.
झाकणं नगरच्या कारखान्यातून आणतो. तिथल्या पंकजा मॅडमना फोन केला. झापायलाच. त्यांनी विचारलं, कशाला लावता? सांगितलं. मग म्हणाल्या, "अहो, ही पाण्याच्या बरणीची झाकणं. नुसतं आवळलं तर टिकतात, नुसतं औषध लागलं तरी टिकतात. पण आवळलेलं प्लास्टिक आतून ताणलेलं असतं. औषधात थिनरसारखं द्रावक असतं, ते त्या ताणात शिरतं आणि चिरा पाडतं. जितकं जास्त आवळाल, तितकं लवकर." मी म्हणालो, आमची टेस्टिंग वेगळी असते. फोन ठेवला.
मग दार लावून एक झाकण आवळलं, फडक्याने औषध लावलं. पाऊण तासात टक्क. दुसरं घेतलं. तेही.
पान्याने मीच आवळलं होतं दादाचं.

२२ नोव्हेंबर.
दादा उठून बसला. सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं. म्हणाला, "मला वाटलं, मीच लई वाकलो म्हणून सांडलं." मग म्हणाला, "हितं बसून काय करतोस? बाकीच्यांची काढून आन आधी."

२४ नोव्हेंबर.
परत आलेली तीन आणि दादाचं सोडून सतरा राहिली होती. पंधरा काढून आणली. दोघं देईनात. एक म्हणाला, "तूच आवळून दिलंस, थेंब गळत न्हाई, आता कशाला काढतोस?" खरं सांगितलं. हसला. "तुझं काम झ्याक हाय, उगं घाबरतोस." पंप पाठीला लावूनच तो तुरीत शिरला. बांधावर उभा राहून हाका मारल्या. पंपाच्या घरघरीत त्याला ऐकू गेल्या नाहीत. चप्पल तिथंच टाकली आणि तुरीत घुसलो. तूर डोक्याच्या वर. कोणत्या ओळीत आहे, कळेना.