पुसलेला फळा

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन वाजला की तू फोनलाच रागावतेस, म्हणून आपलं पत्र. पोरीला उद्याच्या गाडीत बसवून देते आहे. गणितात पुन्हा गचकली. हेडबाईंनी मला कारखान्यातून बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, की सुट्टीनंतर फेरपरीक्षा. पास झाली तर पुढचा वर्ग, नाहीतर शाळेतून नाव कमी. एकाच वर्गात तिसऱ्यांदा बसवत नाहीत म्हणे.

ताई, मला झोप नाही. आमच्या शिलाईच्या हॉलमध्ये टोकाला एक लांब टेबल आहे. शाळा सुटलेल्या मुली तिथे दिवसभर कपड्यांचे दोरे कापत बसतात. सुपरवायझर परवा सहज म्हणाला, की तुमच्या मुलीला इथे जागा करून देतो हं. मी शाळा पास झाले ती सुट्ट्यांमधल्या तुझ्या धपाट्यांवर. तसेच हिलाही दे, माझी ना नाही.

भावजी गेल्यापासून तू एकटी असतेस, तुलाही सोबत होईल. माझ्यावर केलीस तेवढीच माया तिच्यावर कर.

तुझी,
बेबी


६ मे

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं रत्न पोचलं. पेन्सिलींची टोकं कुरतडून खाते, म्हणून मी तिचं नाव खारूताई ठेवलंय. पोरगी ढ नाही गं. पायाच कुणी घातला नाही आणि वर मजले चढवलेत. मी अपूर्णांकांच्या बेरजेपासून धरलं आहे.

आपली पद्धत तुला आठवते ना? पुस्तक-वही बंद. सगळं भिंतीवरच्या फळ्यावर करायचं आणि संध्याकाळी फळा ओल्या फडक्याने लख्ख पुसायचा. वहीत राहिलं की डोक्यात राहत नाही. तिचं दप्तर मी कपाटात घालून कुलूप लावलं. जरा फुरंगटली, पण जेवली पोटभर. त्या कपाटाची किल्ली तेवढी कुठे ठेवली ते सापडत नाही. सापडेल, जाते कुठे?

तू जिवाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


१९ मे

ती. आईस,
शि. सा. न.

तुला खोटं वाटेल, पण मावशी रोज सकाळी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिते. रोज. मग छेद सारखे कसे करायचे ते समजावते. इतकं छान समजावते की पहिल्या दिवशी मला वाटलं, शाळेत हे असं का नाही सांगत! पण आई, दुसऱ्या दिवशीही तेच आणि आजही तेच. मी म्हटलं, मावशी, हे झालंय. तर म्हणाली, थापा मारू नकोस, झालं असतं तर मला आठवलं नसतं का? फळा पुसलेला, दप्तर कपाटात, किल्ली हरवलेली. मी दाखवू काय तिला? भागाकार, शेकडेवारी, त्रिकोण, सगळं राहिलंय.

काल तिने रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचत बसली. पातेलं काळंठिक्कर पडलं तरी हलली नाही. मी गॅस बंद केला, तर मलाच विचारते, हे कुणी केलं?

मला भीती वाटते गं. तू ये, नाहीतर मला घेऊन जा. मी अभ्यास टाळत नाहीये, शप्पथ.

तुझीच,
खारूताई (हे मावशीने ठेवलंय)


२४ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी नवीन नाटक! ताईने अख्खं आयुष्य शाळेत शिकवण्यात काढलं. ती तेच तेच घेते, कारण ते तुझ्या टाळक्यात शिरत नाही. आणि पातेलं काय, माझीही करपतात.

यापुढे मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलेलं कानावर आलं, तर गाठ माझ्याशी आहे. ती फळ्यावर जे लिहील ते मुकाट्याने सोडव. इकडे मोठी ऑर्डर आली आहे, रविवारचीही सुट्टी नाही. मला तिकडे यायला जमणार नाही.

रागावले, पण सगळा जीव तुझ्यातच अडकलाय, हे विसरू नकोस.

आई


८ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं रत्न काल पोचलं. पेन्सिलींची टोकं कुरतडून खाते, म्हणून मी तिचं नाव खारूताई ठेवलंय. अपूर्णांकांच्या बेरजेपासून धरते आहे. अख्खी सुट्टी पडली आहे, काळजी कसली करतेस?

पोरगी गुणी आहे हो. एक शब्द उलट बोलत नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


११ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र मशीनवर बसूनच वाचलं. पुढचा कपडा तसाच सुईखाली राहिला. बाळा, तू खरं सांगत होतीस आणि मी तुझं तोंड बंद केलं. काय करून बसले मी!

शेजाऱ्यांना बोलावून कपाटाचं कुलूप फोड आणि पुस्तक घे. गॅसपाशी तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. मी शनिवारी येते, नोकरी गेली तरी येते. परीक्षा सोमवारी आहे. जमेल तेवढं वाच.

आई


२० जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

नाव कमी झालं त्यावरून अजून किती रडशील? पेपरात बेरजेचं गणित होतं, ते पूर्ण बरोबर आलं. तुझं पत्र आणि तू शनिवारी एकदमच पोचलात, बाकीचं एका दिवसात कुठून येणार होतं?

सुपरवायझरला तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. मावशीजवळ कुणीतरी हवंच. तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर ती दाराची चौकट धरून कशी बसली, ते तू पाहिलंसच. मी स्वयंपाक करते, गॅस बघते. ती मला कामवाली समजते. सकाळी मात्र फळ्यावर तेच गणित लिहिते, आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करते. खूश होते बिचारी. संध्याकाळी फळा मीच पुसते.

कधी कधी तिचा इतका राग येतो की फडकं फेकून द्यावंसं वाटतं. तुझाही येतो. तुझा जास्त येतो. तरी रविवारी ये. नक्की ये.

खारूताई


२ ऑगस्ट

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

सुट्टी लागली असेल. तुझ्या लेकीला लगेच पाठवून दे. सुट्टीत मुलं शिकलेलं सगळं विसरतात, मग पुढे जड जातं.

इथे एक मुलगी कामाला येते. काय डोकं आहे तिचं! अपूर्णांकांची बेरीज एकदा सांगितली आणि दुसऱ्या क्षणी उत्तर तयार. मी विचारलं, तू शाळेत का जात नाहीस गं? तर पेन्सिल कुरतडत बसली. माझ्या जिवाला फार लागलं. असली हुशार पोर घरी बसवते ती कसली आई? कुठे असते ते शोधून काढ आणि तिला माझ्यासमोर आणून उभी कर. चांगली खडसावते.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई